दारावरचा मोहसल

गेल्या वर्षी हिवाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास माझ्या एका विद्यार्थ्याचा लंडनहून फोन आला. ऊसतोड कामगाराचा हा मुलगा. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात शिकला आणि सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर तिकडे एम.एस्सी. करायला गेला. अभ्यास संपला, पदवी मिळाली, कामाचा व्हिसाही मिळाला. आता सगळे सुरळीत आहे, असे आम्ही गावभर सांगत होतो. फोनवर तो एवढेच म्हणाला, "सर, जप्ती येणार म्हणतात."

जप्ती हा शब्द त्याने मराठीत उच्चारला म्हणून मला तो इतका लागला. त्याच्या हातातल्या इंग्रजी कागदावर तो शब्द नव्हता. पण त्या कागदाचा अर्थ त्याच्या पोटाने बरोबर ओळखला होता. आपल्या माणसाला हा अर्थ शिकवावा लागत नाही.

माझा आजा येसकर होता. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी. तलाठ्याने सांगितले की गावातून हिंडायचे आणि सारा थकलेल्यांना चावडीवर बोलावून आणायचे. जप्ती निघाली की दवंडी द्यायची. आजी सांगे की थकबाकीदाराच्या दारात आजा उभा राहायचा, पण उंबरठा ओलांडायचा नाही. भांडी बाहेर काढायला दुसरा माणूस लागे, कारण आज्याने हात लावला तर तांब्याची घागर बाटायची आणि बाटलेल्या घागरीला लिलावात बोली कोण लावणार? मात्र घागर गेली की त्या घरच्या बाईचे शिव्याशाप आज्यालाच मिळायचे. तलाठी घोडीवरून निघून जायचा. सरकारचे तोंड म्हणून गावाला जे दिसायचे ते आमच्या आज्याचे तोंड होते. मोबदला काय? बलुते, आणि ज्या वतनी जमिनीवर पोट भरायचे तिच्यावरही सरकारची जुडी. ही जुडी वाढवली तेव्हा बाबासाहेबांना १९३९ साली हरेगावला आणि १९४१ साली सिन्नरला वतनदारांच्या परिषदा घ्याव्या लागल्या. १९५८ सालच्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली आणि आज्याने काठी घराच्या आढ्याला खोचून ठेवली. ती खाली काढलेली मी कधी पाहिली नाही.

म्हणून 'जप्ती' ऐकल्यावर मला विद्यार्थ्याचे दार दिसले, आणि दाराबाहेर उभा असलेला माणूसही दिसला. मी इतिहास शिकवतो. इंग्रजांच्या इतिहासातले राजे, सनदा आणि लढाया वर्गात सांगून माझी दहा वर्षे गेली. पण इंग्रजांच्या देशात गरिबाच्या दारावर करवसुलीसाठी कोण उभे राहत आले, हे मी कधी सांगितले नव्हते, कारण मला ते ठाऊकच नव्हते. त्या फोननंतर वाचले. ते आपल्या कार्यकर्त्यांनी आणि परदेशी जाणाऱ्या मुलांनी माहीत करून घेतले पाहिजे, म्हणून इथे मांडतो.

आधी मुलगा सापडला कसा ते सांगतो. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थेचा जो कर असतो त्याला कौन्सिल टॅक्स म्हणतात. आपल्या घरपट्टीचाच तो भाऊ. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे घरपट्टी घरमालकाच्या नावाने येते. तिकडे कर सामान्यतः घरात राहणाऱ्यावर असतो, म्हणजे भाडेकरूवर. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो माफ असतो, आणि घरात सगळेच विद्यार्थी असतील तर घरच माफ. ही माफी अभ्यासक्रम चालू असेपर्यंतच. अभ्यासक्रम संपला की त्याच खोलीत, त्याच भाड्यात राहणारा तो मुलगा एका दिवसात करदाता होतो. आमच्या मुलाने एक लहानशी खोली स्वतःच्या नावावर घेतली होती. कौन्सिलची पत्रे येत होती. 'आपण विद्यार्थी, आपल्याला माफ' अशा समजुतीत त्याने ती एका पिशवीत घालून ठेवली. काही तर उघडलीही नाहीत. यात त्याला हसू नये. आमच्या घरी तलाठ्याचा कागद यायचा तेव्हा बा तो देवळीत ठेवायचा आणि कोणी वाचून दाखवील का याची वाट बघायचा. घरात मी वाचणारा झालो, तरी खाकी पाकीट पाहून माझ्या पोटात अजून गोळा येतो. न उघडलेले पाकीट ही आळशाचीच खूण असते असे नाही. पुष्कळदा ती भ्यालेल्याची असते.

न उघडलेल्या पाकिटांचे पुढे काय होते, ते पाहा. हप्ता चुकला की स्मरणपत्र येते. सात दिवसांत भरले नाही तर हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते. मग मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाचे समन्स, आणि त्या समन्सचा खर्चही थकबाकीदाराच्याच डोक्यावर. कोर्टात 'लायबिलिटी ऑर्डर' म्हणजे देणेदारीचा हुकूम निघतो. हे हुकूम एकेका बैठकीत शेकड्यांनी निघतात. 'माझ्याजवळ पैसे नाहीत' हा तिथे बचाव होत नाही. कर तुम्हाला लागू होता का, मागणी नियमाने झाली का, तुम्ही भरला का, एवढेच पाहिले जाते. हुकूम हातात आला की कौन्सिल तो खासगी वसुली कंपनीकडे देऊ शकते. या कंपनीचा माणूस म्हणजे बेलिफ. २०१४ पासून कायद्यात त्याला 'एन्फोर्समेंट एजंट' असे गुळगुळीत नाव मिळाले आहे, पण लोक बेलिफच म्हणतात. आपल्याकडेही दिवाणी कोर्टाचा बेलिफ असतोच. शब्द आणि सोटा दोन्ही तिकडूनच आले.

मात्र मोहसल हा आपला शब्द आहे आणि तो जुना आहे. मराठ्यांच्या राज्यात बाकीदाराच्या दारात वसुलीसाठी जो शिपाई बसवीत तो मोहसल. पैसा चुकता होईपर्यंत तो हलायचा नाही आणि त्याच्या पोटाचा खर्च बाकीदाराने करायचा. ज्याच्या घरात भाकर नाही त्याने आधी वसुलीवाल्याला भाकर घालायची! ही युक्ती आपल्याच मुलखात निघाली असे मी समजत होतो. इंग्लंडचा इतिहास वाचला तेव्हा तोच मोहसल तिथे बसलेला आढळला. जप्त केलेला माल लिलावापर्यंत हलू नये म्हणून बेलिफ कर्जदाराच्या घरात एक माणूस बसवीत असे. तो चुलीपाशी बसायचा, तिथेच झोपायचा आणि त्याची रोजमजुरी कर्जात मिळवली जायची. चार्ल्स डिकन्सने १८३६ सालच्या आपल्या पहिल्याच पुस्तकात या माणसावर एक प्रकरण लिहिले आहे. डिकन्सला हे ऐकून माहीत नव्हते. १८२४ साली त्याचा बाप कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात होता आणि बारा वर्षांचे हे पोर बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला होते.

करवसुलीची मुळे मात्र याच्याही मागे जातात. १२६७ सालच्या मार्लबरोच्या कायद्यात जप्ती वाजवी असावी, देण्याच्या मानाने अवाच्या सव्वा नसावी, असे कलम घालावे लागले होते. ज्या गोष्टीला कायद्याने मनाई करावी लागते ती सर्रास चालू असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. १६०१ साली एलिझाबेथ राणीच्या राज्यात गरिबांचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपल्या गरिबांना पोसायचे आणि त्यासाठी जमीन व घरे वहिवाटणाऱ्यांवर पट्टी बसवायची. पट्टी दिली नाही तर न्यायाधीशांच्या वॉरंटाने माल जप्त करून विकायचा, आणि विकायला माल नसेल तर तुरुंग. भाडेकरूवर आज जो कर येतो त्याचे मूळ या 'वहिवाटणाऱ्या'त आहे. गरिबांच्या नावाने सुरू झालेली पट्टी पुढे गरिबाच्याच अंथरुणावर आली.

तीनच वर्षांनी, १६०४ साली, सेमेन नावाच्या माणसाच्या खटल्यात एक निकाल लागला. दिवाणी देण्यासाठी शेरिफाने घराचे बाहेरचे दार फोडायचे नाही, पण दार उघडे असेल तर त्याला आत जाता येते. घर म्हणजे माणसाचा किल्ला, हे इंग्रजांचे मोठ्या डौलाने सांगितले जाणारे वाक्य इथले. डौल सोडून द्या, पण निकाल ध्यानात ठेवा. कारण चारशे वर्षांनंतर आमच्या पोराच्या कामाला आला तो हाच निकाल. कौन्सिल टॅक्सच्या वसुलीला आलेला बेलिफ पहिल्या खेपेला दार फोडून आत येऊ शकत नाही. तुम्ही दार उघडले, तो शांतपणे आत आला आणि मालाची यादी करून तुमची सही घेतली, की मात्र खेळ पालटतो. मग तुम्ही कबूल केलेला हप्ता चुकवलात तर त्याला जोर लावून परत येता येते. चुलीपाशी माणूस बसवण्याच्या जागी आता हा सहीचा कागद आहे. मोहसल कागदावर बसतो, एवढेच.

१८६९ सालच्या कायद्याने कर्जासाठी तुरुंग बहुतांशी बंद झाला. सावकाराच्या कर्जासाठी झाला, पण स्थानिक पट्टीसाठी तुरुंग राहिला. इंग्लंडात कौन्सिल टॅक्स मुद्दाम किंवा अक्षम्य हयगयीने थकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद १९९२ सालच्या नियमांत आली. वेल्सने ती २०१९ साली काढून टाकली. त्याआधी २०१६ साली वेल्समधल्याच एका एकट्या आईला या करापायी कैद झाली होती, आणि ती कैद बेकायदेशीर होती असे हायकोर्टाने नंतर ठरवले. कोर्टाने नंतर ठरवले म्हणून तुरुंगात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

आता एक वेगळी जप्ती सांगतो. ती वाचताना मला गंमतही वाटली आणि रागही आला. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडमधल्या बायका मताचा हक्क मागत होत्या. १९०९ साली त्यांच्यातल्या काहींनी कर नाकारणाऱ्या स्त्रियांची संघटना काढली. मत नाही तर कर नाही, असे त्यांचे म्हणणे. बेलिफ येत, एखादी चीज उचलून नेत आणि लिलाव होई. लिलावाच्या जागी या बायका सभा भरवीत, भाषणे करीत आणि मैत्रिणी बोली लावून ती चीज परत आणीत. त्यांच्यात एक होती राजकन्या सोफिया दुलीपसिंग, पंजाबच्या ज्या महाराजा दुलीपसिंगाचे राज्य इंग्रजांनी बुडवले त्याची मुलगी. नोकर ठेवणे, कुत्री पाळणे अशा गोष्टींवरचे परवाना-शुल्क तिने भरले नाही, म्हणून १९११ साली तिची सात हिऱ्यांची अंगठी जप्त झाली. लिलावात मैत्रिणीने ती दहा पौंडांना घेतली आणि तिची तिला परत केली. पुढे १९१३ साली मोत्यांचा हार गेला, तोही असाच परत आला.

या बाईचे धैर्य मी कमी लेखत नाही. राजवाड्याच्या आवारात राहणाऱ्या बाईने रस्त्यावर उभे राहून वर्तमानपत्र विकणे ही लहान गोष्ट नव्हती. पण माझ्या मनात सारखे येत राहिले की तिच्या अंगठीला बोली लावायला मैत्रीण होती, आणि आमच्या गल्लीतल्या बाईची घागर गेली तेव्हा बोली लावणाऱ्यांत तिच्या बाजूचे कोणी नव्हते. जप्ती दोघींवर येते. तिच्यानंतर काय होते ते दाराबाहेर कोण जमले आहे यावर ठरते. हे मला पॉप्लरच्या इतिहासात अधिक स्वच्छ दिसले.

पॉप्लर हा पूर्व लंडनचा गोदीकामगारांचा भाग. गोदीत रोज सकाळी उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर काम, नाहीतर घरी. आपल्याकडे मजूरअड्ड्यावर उभे राहतात तसेच. महायुद्धानंतर बेकारी वाढली. बेकारांना पोसण्याचा भार त्या त्या भागानेच उचलायचा हा १६०१ सालचा नियम तेव्हाही चालू होता. म्हणजे जिथे गरीब जास्त तिथे खर्च जास्त, आणि घरे हलकी असल्याने पट्टीचे उत्पन्न कमी. वेस्टमिन्स्टरसारख्या श्रीमंत भागात एका पेनीच्या दराने जेवढा पैसा उभा राही, तेवढ्यासाठी पॉप्लरला दर कितीतरी पटींनी वाढवावा लागे. गरिबांनी गरिबांना पोसायचे आणि श्रीमंतांनी पलीकडच्या गल्लीत सुखाने राहायचे. गावगाड्यात महारवाड्याची विहीर महारवाड्यानेच खणायची, त्यातलाच हा प्रकार.

१९१९ साली पॉप्लरची कौन्सिल मजूर पक्षाच्या हाती आली. जॉर्ज लान्सबरी हा पुढारी. १९२१ साली या कौन्सिलने ठरवले की लंडनच्या मोठ्या संस्थांसाठी, म्हणजे लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस वगैरेंसाठी गोळा करून द्यायची पट्टी आपल्या लोकांकडून वसूल करायचीच नाही. म्हणजे ज्यांनी बेलिफ पाठवायचे तेच म्हणाले, पाठवत नाही! जुलैच्या अखेरीस बँड लावून, निशाण घेऊन मिरवणुकीने नगरसेवक हायकोर्टात गेले. सप्टेंबरात तीस जणांना कैद झाली. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच स्त्रिया हॉलोवेमध्ये. त्यांतली नेली क्रेसल गरोदर होती. तुरुंगातही ते कौन्सिलच्या बैठका घेत आणि त्यासाठी बायकांना हॉलोवेहून मोटारीने ब्रिक्स्टनला आणावे लागे. शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीनच्या कौन्सिलांनीही तोच मार्ग धरायचे ठरवले तेव्हा सरकार हलले. सहा आठवड्यांनी सगळे सुटले, आणि गरिबांच्या खर्चाचा भार साऱ्या लंडनवर वाटणारा कायदा त्याच वर्षी घाईने झाला. मिनी लान्सबरी, म्हणजे जॉर्जची सून, तुरुंगातून बाहेर आली ती आजारीच, आणि १ जानेवारी १९२२ रोजी वारली. बत्तीस वर्षांची होती. विजयाच्या हकिकतीत हे नाव मागे राहू नये.

त्या उन्हाळ्यात बाबासाहेब लंडनमध्येच होते. सप्टेंबर १९२० मध्ये ते दुसऱ्यांदा तिकडे गेले. जून १९२१ मध्ये त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. मिळाली, ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवहारावरील प्रबंधासाठी. वरच्या सरकारने खर्च खाली ढकलायचा आणि उत्पन्नाच्या बाबी आपल्याकडे ठेवायच्या, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आणि पॉप्लरचे भांडण ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. जाता जाता आणखी एक. त्याच संस्थेत त्या वेळी शिकवणारा आणि आदल्या वर्षापर्यंत स्टेपनीचा महापौर असलेला क्लेमंट अॅटली हाच पुढे १९४७ साली हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडचा पंतप्रधान होता. आपण ज्यांना फक्त 'साम्राज्य' म्हणून ओळखतो त्यांच्याही महारवाड्या होत्या, आणि त्या महारवाड्यांतून माणसे उठत होती.

पुढची लढाई पोल टॅक्सची. मार्गारेट थॅचरच्या सरकारने जुनी घरांवरची पट्टी मोडून डोईपट्टी आणली. स्कॉटलंडमध्ये १९८९ च्या एप्रिलपासून, इंग्लंड-वेल्समध्ये १९९० च्या एप्रिलपासून. एका कौन्सिलच्या हद्दीत सरदार असो की झाडूवाला, प्रत्येक प्रौढाला आकडा एकच. अगदी गरिबांना सवलत होती, पण वीस टक्के भरावेच लागत. १३८१ साली अशाच डोईपट्टीवरून इंग्लंडचे शेतकरी उठले होते, याची आठवण राज्यकर्त्यांना कोणी दिली नसावी. लाखो लोकांनी कर भरला नाही. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात मोर्चाचे दंगलीत रूपांतर झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचरबाईंना जावे लागले.

मोर्च्याचे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते. मला त्यापेक्षा कोर्टातल्या आणि गल्लीतल्या गोष्टी मोलाच्या वाटतात. वाइट बेटावरच्या मेडिना कौन्सिलने १९९० च्या जूनमध्ये सुमारे एकोणीसशे लोकांना कोर्टात खेचले, पण स्मरणपत्रे साध्या टपालाने इतक्या उशिरा धाडली होती की नियमाची मुदत भरली नाही. कोर्टाने सगळी प्रकरणे फेटाळली. टपालाच्या दोन दिवसांनी एकोणीसशे घरे त्या खेपेपुरती वाचली! थकबाकीदारासोबत कोर्टात बसून त्याला सल्ला देणाऱ्या मित्राला लेस्टरच्या मॅजिस्ट्रेटांनी मनाई केली, तेव्हा १९९१ साली अपील कोर्टाने त्याची बाजू उचलली. वकील परवडत नसलेल्या माणसाला जवळ शहाणा मित्र बसवता येतो, ही गोष्ट करवसुलीच्या कोर्टातून पक्की झाली.

स्कॉटलंडमध्ये वसुलीची रीत अधिक उघडी होती. शेरिफाचा अधिकारी घरात येऊन खुर्च्या-मेजांना किंमत लावायचा आणि मग त्यांचा जाहीर लिलाव, त्याला वॉरंट सेल म्हणत. ग्लासगोच्या वस्त्यांतून लोकांनी ठरवले की अधिकारी येणार कळले की साऱ्या जिन्यावर शेजारी उभे राहायचे. १ ऑक्टोबर १९९१ ला ग्लासगोच्या टर्नबुल रस्त्यावरचा असा लिलाव जमावाने होऊ दिला नाही. कोर्टाची मनाई मोडून तिथे हजर राहिल्याबद्दल टॉमी शेरिडनला १९९२ साली कैद झाली आणि तुरुंगात असतानाच तो नगरसेवक म्हणून निवडून आला. पुढे तो स्कॉटिश संसदेत गेला आणि त्याच्याच विधेयकाने हा लिलाव बंद करणारा कायदा २००१ साली आला. जप्ती अजिबात गेली असे नाही. वेगळ्या नावाने, पण घरातल्या सामानाला अधिक संरक्षण देऊन दुसरा कायदा लगेच झाला. आणि १९९३ सालीच गेलेल्या त्या पोल टॅक्सची जुनी बाकी वसूल करणे कायद्याने बंद व्हायला २०१५ साल उजाडले. कर मरतो, बाकी मरत नाही.

पोल टॅक्सच्या जागी १ एप्रिल १९९३ पासून आला तो कौन्सिल टॅक्स. घरांच्या किमतींप्रमाणे आठ वर्ग, ए ते एच. इंग्लंडात घरांची किंमत धरली आहे ती १९९१ सालची. त्यानंतर फेरमोजणीच नाही! आणि सगळ्यांत वरच्या वर्गाचा कर सगळ्यांत खालच्याच्या फक्त तिप्पट. वाड्याची किंमत झोपडीच्या शंभरपट असली तरी कर तिप्पटच. पोल टॅक्स गेला, पण त्याचा वास या घरात राहिला. गरिबांसाठी केंद्राची सवलत होती ती २०१३ च्या एप्रिलात मोडली. प्रत्येक कौन्सिलने आपापली सवलत ठरवावी, आणि त्यासाठीचा पैसा मात्र दहा टक्के कमी. म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही असे बंधन असल्याने सगळी कात्री कामाच्या वयाच्या गरिबांवर चालली. ज्यांना पूर्वी काहीच भरावे लागत नसे, त्यांनीही थोडे तरी भरावे असे पुष्कळ कौन्सिलांनी ठरवले. १९९० चे ते वीस टक्के मागल्या दाराने आत आले. अशी थोडकी रक्कम थकली की तिच्यामागे बेलिफ लागतो.

बेलिफाचे दर २०१४ च्या नियमांनी बांधून दिले. प्रकरण कंपनीकडे आले आणि तिने पत्र धाडले की ७५ पौंड. माणूस दारात आला की २३५. माल विक्रीला काढण्याची पायरी आली की ११०. मोठ्या रकमेवर आणखी टक्केवारी. हे सगळे थकबाकीदाराने द्यायचे. दोनशे पौंडांच्या बाकीवर तीनशे दहा पौंड फी चढते ती अशी. मोहसलाची भाकर!

याच नियमांत गरिबाच्या बाजूची कलमेही आहेत, ती पाठ करून ठेवावीत. पहिल्या भेटीआधी सात पूर्ण दिवसांची नोटीस हवी. सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर यायचे नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालचे मूल असेल तर आत शिरायचे नाही. गाद्या-पांघरुणे, स्वयंपाकाची शेगडी, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, जेवायचे मेज आणि घरच्या माणसांपुरत्या खुर्च्या, फोन, आणि १३५० पौंडांपर्यंतची कामाची हत्यारे न्यायची नाहीत. आजारी, अपंग, नुकती बाळंत झालेली, भाषा न कळणारी अशी माणसे असतील तर प्रकरण सबुरीने घ्यायचे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि बाईच्या अंगावरून धर्माप्रमाणे उतरवता न येणारा दागिना जप्तीतून वगळला आहे. तिचीच ही चुलत यादी. दोन्ही याद्या वाचताना मला आज्याच्या काळातली घागर आठवते. तिचे नाव कुठल्या यादीत तेव्हा कोणी शोधले होते?

आमच्या मुलाला त्या रात्री मी एवढेच सांगितले की दार उघडू नकोस आणि पिशवीतली सगळी पत्रे उघड. याहून जास्त मला तेव्हा ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन केला. तिकडे अशा संस्था बऱ्याच आहेत. सिटिझन्स अॅडव्हाइस ही १९३९ पासूनची, आणि कर्जबाजाऱ्यांसाठी खास फोन लाइनही आहेत. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा की कोर्स नेमका कोणत्या तारखेला संपला? पत्रे तारखेवार लावली तेव्हा कळले की मागणी चार महिने आधीपासून, म्हणजे तो विद्यार्थी असतानाच्या काळापासून लावली होती. विद्यापीठाचा दाखला मागवून तो कौन्सिलला धाडला. खोलीत तो एकटाच राहतो, म्हणून एकट्या माणसाला मिळणारी पंचवीस टक्क्यांची सूटही मागितली.

उत्तर येण्याआधी बेलिफ आला. सकाळचे साडेसात. अंगात काळे जाकीट, छातीवर कॅमेरा. मुलाने दार उघडले नाही, वरच्या खिडकीतून बोलला. 'मी कौन्सिलला लिहिले आहे, प्रत देतो, आत घेणार नाही,' असे इंग्रजीत म्हणाला. ते वाक्य त्याने रात्री पाठ केले होते. खालचा माणूस चिडला नाही. त्याने प्रत घेतली, एक कार्ड दाराच्या फटीतून सरकवले आणि थंडीत हात चोळत उभा राहिला. मुलगा मला म्हणाला, "सर, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं. कुठून तरी लांबूनच आलेला असणार." पुष्कळ बेलिफांची कमाई वसूल होणाऱ्या फीवर अवलंबून असते, हे मी तोवर वाचले होते. त्याला मी ते सांगितले. फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले, "तुमचे आजोबा असेच उभे राहायचे का?" मी म्हणालो, होय, पण आज्याला कार्ड नव्हते आणि उंबरठ्यापलीकडे जाऊ नये अशी त्याची अडवणूक कोर्टाने केलेली नव्हती.

तीन आठवड्यांनी कौन्सिलने चार महिने वजा केले, सूट दिली आणि प्रकरण कंपनीकडून परत घेतले. कोर्टखर्च मात्र राहिला. उरलेली रक्कम तो महिन्याच्या हप्त्याने भरतो आहे. शेवटचा हप्ता मार्चमध्ये आहे. या वर्षी त्याच्या विद्यापीठात आपल्याकडची आणखी काही मुले शिष्यवृत्तीवर गेली आहेत. त्याने त्यांच्यासाठी अर्ध्या पानाचे एक पत्र तयार केले आहे. 'माझा अभ्यासक्रम अमुक तारखेला संपतो, त्या तारखेपासून माझे बिल तयार करा, मी एकटा राहतो, मला हप्ते हवेत.' कोर्स संपेल त्या आठवड्यात प्रत्येकाने ते कौन्सिलला पाठवायचे. पत्राखाली त्याने मराठीत एक ओळ जोडली आहे : आलेले प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडा, एकट्याला भीती वाटली तर मला बोलवा, दोघे मिळून उघडू.

मी त्याची एक प्रत आमच्या विभागाच्या सूचनाफलकावर लावली आहे. इथून कोणी जाणारा असला तर ती घेऊन जावी.